आडबंदरच्या पुतळ्याची पाठ

गुणाजी तारीच्या धाकट्या लीलाचं लग्न झालं ते साल चौऱ्याऐंशी. वैशाखातलं लग्न, उकाडा असा की वऱ्हाडापेक्षा आचारीच जास्त चिडलेले. पाठवणी होऊन तीन दिवस झाले तरी मांडव उतरला नव्हता. आंब्याचे टाळ सुकून वाऱ्यावर वाजत होते, भाड्याची बाकं न्यायला गाडी यायची होती, आणि त्या बाकांवर आडबंदरची स्मारक समिती येऊन बसली होती.

समिती तीन माणसांची. अध्यक्ष जयराम मास्तर, मुंबईहून रजेवर आलेला विश्राम, आणि काशीराम खलाशी. काशीरामला समितीवर कुणी घेतलं नव्हतं, पण समिती जिथे बसे तिथे तो आधीच बसलेला असे.

"गुणाजी, तुमच्या हातून एक ऐतिहासिक कार्य व्हायचं आहे," मास्तर म्हणाले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी महत्त्वाचं काही सांगताना ते शाळेतलं मराठी बोलत. राग आला की मालवणीवर येत.

गुणाजी तारी लग्नाची उरलेली बुंदी खात होता. "गणपती व्हयो काय? पाट आषाढात पाठवा."

"गणपती नव्हे. पुतळा. सिमेंटचा. आपल्या बंदरावर, खडपाच्या टोकाला. हरिश्चंद्र आणि चंद्रावती यांचा."

गुणाजीने मूठ पुन्हा परातीत सोडली. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको आनंदी भाड्याचे टोप घासून पालथे घालत होती. तिचा हात थांबला नाही. उलट घासण्याचा आवाज थोडा वाढला, हे फक्त गुणाजीला कळलं.

हरी आणि चंद्रा यांची गोष्ट त्या किनाऱ्यावर लहान पोरालाही पाठ होती. एकावन्न साली, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटची एक खेप म्हणून हरिश्चंद्राने होडी काढली आणि वारा फिरला. हरी तेवीस वर्षांचा. होडी आली नाही, हरीही आला नाही. त्याची चंद्रावती म्हणजे रेडीहून मावशीकडे मासळी सुकवायच्या हंगामाला आलेली सतरा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिची कळशी खडपावर, किनाऱ्याच्या कातळावर, सापडली. मुलगी काही दिसली नाही. लोकांनी कळशी बघितली, खाली पाणी बघितलं आणि उरलेली गोष्ट स्वतःच पुरी केली.

त्यावर जयराम मास्तरांनी नाटक लिहिलं. बारा वर्षं ते जत्रेला होत होतं. शेवटच्या प्रवेशात चंद्रा बाकावरून उडी मारी, आणि ती मारणारा असे काशीराम. मिशी काढून, लुगडं नेसून तो अशी काही उडी घेई की पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत मागे सरकत.

"माजो चंद्रेचो फोटो आसा," काशीराम म्हणाला. "तेच्यावरसून तोंड कर. लोकांक तीच चंद्रा म्हायत आसा."

"तुज्या चंद्रेक गळ्यात हाड आसा," गुणाजी म्हणाला.

आता खरं काय ते सांगायला हवं. चंद्रावतीने उडी मारली नव्हती. त्या पहाटे ती कळशी घेऊन खडपावर गेली, उजाडेपर्यंत बघत उभी राहिली, आणि मावशी येऊन तिला दंडाला धरून घेऊन गेली. गावात बोभाटा व्हायच्या आत मावशीने तिला पहिल्या लाँचने रेडीला लावून दिलं. कळशी घाईत राहिली. मग पोरीने जीव दिला असं गाव बोलू लागलं तेव्हा मावशी गप्प राहिली. जिवंत भाचीची बदनामी निस्तरण्यापेक्षा मेलेल्या भाचीसाठी रडणं तिला सोपं वाटलं. दोन वर्षांनी चंद्रावतीचं लग्न आडबंदरपासून दोन मैल आत, पाणखोलला, गुणाजी तारीशी झालं. रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं: आनंदी. आडबंदरात तिला एकाच हंगामात, तेही डोक्यावर पदर घेतलेली, लोकांनी पाहिलं होतं. त्यामुळे गणपतीवाल्या गुणाजीची बायको आनंदी ही पाण्यात गेलेली चंद्रा, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तिने गुणाजीला सगळं सांगितलं होतं. "एकदाच सांगतंय. परत इचारू नको," असं त्या वेळी ती म्हणाली. तेव्हा ती त्याला अजून तू म्हणे. गुणाजीने ऐकून घेतलं, "बरा" म्हणाला, आणि एकतीस वर्षं खरंच विचारलं नाही.

पण विचारायचं नाही म्हणजे मनात येत नाही असं नव्हे. गुणाजी होडीवाल्यांच्या घरात जन्मला आणि त्याला होडी लागायची. पाय ठेवला की सकाळची पेज बाहेर. बापाने चार वेळा नेऊन बघितलं, पाचव्या वेळी त्याला वाटेत उतरवलं आणि परत नेलं नाही. म्हणून तो मातीकडे वळला, गणपती करू लागला. चांगले करायचा. पाचपन्नास गावांतली माणसं त्याच्या गणपतीच्या शाळेत पाट आणून ठेवत. तरी दर तीन-चार वर्षांनी एखाद्या संध्याकाळी आनंदी परसातून समुद्राच्या दिशेला बघत उभी दिसली की त्याच्या पोटात होडी हाले. ती खडपावरून खाली पडली नव्हती हे त्याला ठाऊक होतं. ती खडपावरून पुरती उतरली का, हे त्याला ठाऊक नव्हतं.

समिती उठून गेल्यावर तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"नाय म्हणान सांगू?"

"कित्याक?" आनंदी म्हणाली. "नाय म्हटल्यार कारण इचारतले. आणि दुसरो कोण येतलो, तर काय तरी भलताच करून ठेवतलो. तुमीच करा."

एवढं बोलून तिने शेवटचा टोप पालथा घातला.

गुणाजीने कामाला हात घातला. लोखंडी सळ्या, जाळी, वर सिमेंट. पावसाळाभर पडवीत एकीकडे गणपती आणि मधोमध ही दोघं. उंची माणसापेक्षा चार बोटं कमी. आषाढात लोक पाट घेऊन येत आणि दाराशीच थबकत.

मासे विकणारी हौसाबाई टोपली उतरवून आत डोकावली. "शिरा पडो, ह्यो कोणाचो रे गणपती? सोंड खंय तेची?"

"गणपती नाय गो. हरी तो."

"पोट मात्र गणपतीचाच आसा."

गुणाजीने बघितलं तर खरंच होतं. चाळीस वर्षांच्या सवयीने हाताने पोट काढलं होतं. ते त्याने तासून खाली आणलं. मग हरीचा उजवा हात आशीर्वाद देतो आहे असं ध्यानात आलं, तो मोडून त्यात वल्हं दिलं. चंद्रेचं तोंड त्याने गौरीच्या मुखवट्यावरूनच घेतलं. सतरा वर्षांची चंद्रा त्याने कुठे पाहिली होती?

हरीचं तोंड मात्र अडलं. त्याचा फोटो नव्हता, घरचं कुणी उरलं नव्हतं. हरीला जवळून बघितलेलं माणूस पाणखोलात एकच होतं, आणि ते चुलीपुढे आंबोळ्या घालत होतं.

गुणाजी चुलीशी जाऊन बसला. आनंदी तव्याकडे तोंड करून उभी होती. उभ्याने काम करताना तिची एक सवय होती: उजव्या पायाच्या बोटांनी डावी टाच घासायची. घासत होती.

"गो," तो शेवटी म्हणाला, "तेचा नाक कसा होता?"

"कोणाचा?"

"तेचा."

टाचेवरची बोटं थांबली. आनंदीने आंबोळी उलटली.

"माका काय म्हायत? तो काय नाकावर चलत नाय होतो."

"तरी पण. काय तरी याद आसात मां?"

तिने दुसरी आंबोळी तव्यावर घातली. मग म्हणाली, "कानाची पाळी फाटलेली होती. डाव्या. गळ लागलेलो."

गुणाजी उठून पडवीत आला. हरीचा डावा कान त्याने त्या दुपारी केला, पाळी फाडून. एकतीस वर्षांनी हिच्या ध्यानात कानाची पाळी आहे, हे त्याच्या मनातून जाईना. मग त्याने नाक करायला घेतलं. ते नाक कसं झालं हे लिहिणं कठीण आहे. त्यात माया कमी होती आणि सिमेंट जास्त होतं. बघणारे म्हणाले, गणपती करायची सवय, जातली कशी, हरीला सोंड यायची तेवढी राहिली. आनंदी पडवीतून ये-जा करी, पण पुतळ्याकडे मान वर करून तिने एकदाही बघितलं नाही.

चतुर्थीला पंधरा दिवस असताना मास्तरांनी चिरेखाणीचा ट्रक आणला. पुतळा गोणपाटात गुंडाळून गेला. चौथऱ्यावर बसवताना गुणाजीने तिथे असायला हवं होतं, पण घरात शंभरावर गणपतींचे डोळे रंगवायचे राहिले होते. "काय काळजी नको, मी उभा आहे," मास्तर म्हणाले. ते उभे राहिले, हाच घोटाळा झाला.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अनावरण. मुंबईची सगळी माणसं गावात होती. बंदरावर माणूस मावत नव्हता. कुठल्यातरी महामंडळाचे कुणी पाहुणे पांढऱ्या कपड्यांत आले होते. मास्तरांनी पाऊण तास भाषण केलं. त्यात चंद्रावतीने दोनदा उडी मारली. मग पाहुण्यांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

समोर दोन सपाट फळ्या उभ्या होत्या. वर दोन गोल, बाकी काही नाही. ना केस, ना खांदे, ना लुगड्याची चुण. एका ठिकाणी तर जाळीची तार बाहेर आली होती.

"मास्तरांनू," काशीरामचा आवाज आला, "ही दोघां आमच्यार रागावली काय?"

झालं होतं ते असं. चंद्रा समुद्राकडे बघत हरीची वाट पाहते, म्हणून मास्तरांनी पुतळ्याचं तोंड समुद्राकडे करून घेतलं होतं. त्यांच्या नाटकाप्रमाणे ते बरोबर होतं. गुणाजीने आयुष्यभर गणपती केले होते. गणपती माटवीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, भिंतीला टेकून बसतो, त्याची पाठ कुणी बघत नाही, म्हणून गणपतीवाला पाठ करत नाही, नुसता हात फिरवून सपाट करतो. त्याच्या कामाप्रमाणे तेही बरोबर होतं. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, एवढंच. आता गावाला दिसत होती पाठ, आणि घडवलेली तोंडं बघायला समोर होते फक्त मासे.

हार घालायचा तर पुढून घालायला हवा. पाहुणे खडपावरून वळसा घालून पुढे गेले. भरती होती. हार चंद्रेच्या गळ्यात पडला आणि लाट पाहुण्यांच्या कमरेपर्यंत आली. त्यांनी पडू नये म्हणून हरीच्या नाकाला धरलं. नाक भक्कम निघालं.

"पाठ खंय आसा?" मास्तर गुणाजीला बाजूला घेऊन ओरडले. शाळेतलं मराठी कधीच संपलं होतं. "मेल्या, पाठ खंय आसा तेंची?"

"गणपतीक पाठ करत नाय, मास्तर."

"ह्यो गणपती आसा?"

"पण देवाचा तोंड लोकांकडे असता. तुमी दर्याकडे फिरवलास, माका काय म्हायत?"

"ते देव नाय रे! प्रेमी आसत ते! प्रेमी लोकांकडे बघत नाय!"

पुतळा चौथऱ्यात सिमेंटने पक्का झाला होता, फिरवणं शक्य नव्हतं. पाठ करणं भाग होतं.

अनंत चतुर्दशी झाली, शाळा रिकामी झाली, आणि गुणाजी शिडी घेऊन रोज दोन मैल चालत आडबंदरला जाऊ लागला. हरीची पाठ दोन दिवसांत झाली. काशीरामला उघडा करून समोर बसवला आणि त्याची उतरवली.

"म्हणजे नाटकात मी चंद्रा आणि पुतळ्यात मी हरी," काशीराम म्हणाला. "अर्धो खेळ माजोच."

"हलू नको."

मग चंद्रा. मास्तरांनी बजावलं होतं: केस मोकळे, वाऱ्यावर उडणारे, पदर सुटलेला, उडी मारायच्या बेतात. गुणाजी मान हलवून शिडीवर चढला. कुणाला समोर बसवलं नाही, की कागदावर रेघ मारली नाही. हात आपोआप चालत होता. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तोंड करताना महिना गेला होता, पाठ आठ दिवसांत उतरली.

नवव्या दिवशी सकाळी हौसाबाई टोपली घेऊन बंदरावरून निघाली. लांबूनच तिने हाक मारली, "गो आनंदी! उन्हात कित्याक उभी रवलंस? बांगडो आसा ताजो, थांब!"

आनंदी थांबली होतीच. हौसाबाई जवळ गेली, टोपली उतरवायला वाकली, मग वर बघितलं आणि टोपली तिच्या हातून सुटली. बांगडे खडपावर पसरले. आनंदी सिमेंटची होती.

दुपारपर्यंत सगळं बंदर बघून गेलं. चंद्रेचे केस मोकळे नव्हते, मानेवर सैल अंबाडा होता आणि त्यात अबोलीचा वळेसर. पदर सुटलेला नव्हता, कमरेला घट्ट खोचलेला होता. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली, तीस वर्षं त्याच बाजूच्या कमरेवर कळशी घेणाऱ्या बाईचा असतो तसा. आणि खाली, उजव्या पायाची बोटं डाव्या टाचेवर.

"गणपतीवाल्यान आपल्या बायलेक उभी केल्यान," बाया म्हणाल्या. "ती पण हरीच्या बाजूक! लाज आसा काय मेल्याक?"

संध्याकाळच्या आत जयराम मास्तर पाणखोलला पोचले. सायकल अंगणातच टाकून ओसरीवर आले. गुणाजी चहा पीत होता. आनंदी आतल्या दाराआड होती.

"गुणाजी, हे काय केलंत तुम्ही?" मास्तर अजून शाळेतलं मराठी सांभाळून होते. "ती प्रेमासाठी प्राण देणारी तरुणी आहे. ती टाच खाजवत उभी?"

"खडपार उभा रवला काय पायाक खाज येता, मास्तर. शेवाळ आसता."

"आणि पाठ तुमच्या बायकोची! सगळं गाव हसतंय. हरी आणि चंद्रा यांची गोष्ट आहे ती. तुमच्या बायकोचा त्या गोष्टीशी काय संबंध?"

गुणाजीने दाराकडे बघितलं. दाराआडून आनंदी त्याच्याकडे बघत होती. एकतीस वर्षांत ते दोघं एकमेकांकडे असे कधी बघत राहिले नसतील. तिने पदर तोंडात धरला होता. हसू दाबायला की दुसरं काही दाबायला, ते त्याला तिथून कळलं नाही. एक शब्द बोलला असता तर मास्तरांचं बारा वर्षांचं नाटक, चौथरा, पाटी, सगळं एका क्षणात कोसळलं असतं.

"काय संबंध नाय," गुणाजी म्हणाला. "पण मास्तर, माका दुसरी पाठ येणा नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बायलमाणसाची पाठ एकच बघलंय. लगीन झाल्यापासून रोज बघतंय. चुलीकडे, कांडताना व्हायनाकडे, पाणी काढताना बावीर. माका तीच येता. तुमका दुसरी व्हयी तर दुसरो कारागीर बघा."

मास्तर विधुर होते, आठ वर्षं. ओसरीच्या कडेला बसले आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत राहिले.

"चाय घेवा," आतून आनंदीचा आवाज आला.

मास्तरांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, "टाच तेवढी झाकली असती तर..." आणि वाक्य पुरं न करता सायकल उचलून गेले. टाच राहिली ती राहिलीच.

मग दिवाळी झाली, दर्या शांत झाला आणि एका सकाळी ती म्हणाली, "माका तो पुतळो बघूक व्हयो. समोरसून."

"समोरसून बघूक होडयेतसून जावचा लागता," गुणाजी म्हणाला.

"काशीरामाक सांगलंय मी. तो नेतलो."

"बरा. ये जावन."

"तुमी येवचास."

गुणाजीने तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. लग्न झाल्यापासून तिने त्याला होडीत बस असं कधी म्हटलं नव्हतं. त्याने त्या सकाळी पेज घेतली नाही.

बंदरावर काशीराम होडी पाण्यात ढकलत होता. आनंदी पुतळ्याच्या मागे येऊन थांबली आणि सिमेंटच्या पाठीकडे बघू लागली. बघता बघता तिच्या उजव्या पायाची बोटं डाव्या टाचेवर गेली. काशीरामने मान वर केली. पुढे एक आनंदी, मागे एक आनंदी. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"अबोली बरी जमली," आनंदी म्हणाली आणि होडीत जाऊन बसली.

होडी वीस वाव गेली नाही तोच गुणाजीने कडेला तोंड नेलं. पोटात काही नव्हतं, तरी पोट ऐकेना. काशीराम दुसऱ्या टोकाला वल्हवत होता. "गुणाजी, खालती बघू नको, लांब बघ!" तो ओरडत होता. लांब बघायचं तर समोर हरीचं नाक होतं.

होडी वळली आणि पुतळा पुरा समोर आला. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. आनंदीने कपाळावर हात धरून बघितलं. गुणाजीने एक डोळा उघडला. तो पुतळ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडावर काय उमटतं ते बघायला तो आला होता, आणि त्याला तेवढा वेळ धडपणे मानही वर धरता येत नव्हती.

"नाक तेचा असा नव्हता," ती हळू म्हणाली.

"कसा होता मगे?" गुणाजीने कडेवरून विचारलं.

"बरा होता. माणसासारखा." ती त्याच्याकडे वळली. "मुद्दाम केलास मां?"

गुणाजीने होय अशी मान हलवली. मग पुन्हा कडेला गेला.

आनंदी सरकून त्याच्या बाजूला आली. पुतळ्याकडे आता तिची पाठ होती. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, मानेपासून कमरेपर्यंत, पोर आजारी असलं की फिरवते तसा.

"तेणा काय बिघडवल्यान होता तुमचा? मेल्या माणसाचा नाक असा करतत?" ती म्हणाली. तिचं पोट हसण्याने हलत होतं, ते त्याला कळत होतं. मग हलायचं थांबलं. "खरा सांगू? माका तेचा तोंड याद येणा नाय. लय वर्सां झाली. पयल्यांदा येय, मगे अर्धा येय, मगे नायच. कानाची पाळी तेवढी रवली. ती पण डावी काय उजवी, ता तुमका अंदाजान सांगलंय."

गुणाजी काहीतरी बोलणार होता.

"बोलू नको. पाणी पी," ती म्हणाली. लग्नाच्या चौथ्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती त्याला तू म्हणाली होती, आणि ते तिच्याही ध्यानात आलं नाही. "काशीरामा, घे मागे. बघून झाला."

"एवढ्यात? वयनी, अजून हरीचो हात बघूक नाय तुमी. वल्हा कसा धरल्यान आसा बघा..."

"बघलंय. घे मागे. माणूस मरतलो हंय."

होडी किनाऱ्याला लागेपर्यंत तिचा हात त्याच्या पाठीवर फिरत होता. तिने मागे वळून बघितलं नाही. गुणाजी वाळूवर उतरला आणि चार पावलं टाकून बसला. जमीन अजून हलत होती. ती उभी राहून पदर झटकत म्हणाली, "उठा. हौसाबाईकडे बांगडो मिळतलो काय बघुया."

पुतळा अजून आहे. खाऱ्या वाऱ्याने पुढची तोंडं झिजली, हरीचं नाक आता माणसासारखं दिसतं. पाठ वाऱ्याच्या आडोशाला असल्याने तशीच राहिली आहे. हौसाबाई जिवंत होती तोवर बाजूने जाताना त्या पाठीला बांगड्याचा भाव सांगून जाई.

चौथऱ्यावरच्या पाटीवर लिहिलं आहे: हरिश्चंद्र आणि चंद्रावती, मृत्यू जून १९५१. त्यातला हरिश्चंद्र त्या महिन्यात गेला हे खरं आहे. आनंदी गुणाजी तारी, माहेरची चंद्रावती, पाणखोल येथे राहत्या घरी गेली ती १५ डिसेंबर १९८८ रोजी, गुरुवारी, सकाळची पेज झाल्यावर.